लहान लिबरल आर्ट्स कॉलेज की मोठ्या शहरातलं विद्यापीठ: अमेरिकेतल्या दोन ऑफर हातात असताना निर्णय कसा घ्यावा

अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाच्या नियमित फेरीचे निकाल मार्चच्या अखेरीपर्यंत लागतात आणि होकार कळवून डिपॉझिट भरायची नेहमीची मुदत १ मे असते. म्हणजे हातात जेमतेम महिना, आणि तोही इकडे जेईई-सीईटीची धावपळ चालू असताना. अशा वेळी आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचं एक पत्र आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचं दुसरं पत्र समोर असेल, तर घरातली चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: ग्रिनेलचं नाव कुणी ऐकलंय का? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एप्रिल घालवू नका. कॉलेजची कॉलेजशी तुलना करण्यापेक्षा तुमच्या विषयाच्या विभागाची विभागाशी करा आणि चार वर्षांच्या निव्वळ खर्चाची निव्वळ खर्चाशी. या दोन गोष्टी कागदावर आल्या की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

आधी दोन्हींची ओळख. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल ही लिबरल आर्ट्स कॉलेजं. विद्यार्थी साधारण दीड ते अडीच हजार, जवळजवळ सगळे पदवीचेच, आणि बहुतेक चारही वर्षं आवारातच राहणारे. तिथे इतिहास-तत्त्वज्ञानाइतकंच भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संगणकशास्त्र शिकवलं जातं. विज्ञानाच्या मुलांसाठी ही कॉलेजं नाहीत हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क विद्यापीठ, बॉस्टन विद्यापीठ, लॉस एंजेलिसमधलं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ. विद्यार्थी हजारोंनी, सोबत वैद्यकीय, कायदा, व्यवस्थापन अशा शाळा आणि पीएचडी करणाऱ्यांची मोठी फौज. लहान कॉलेज म्हणजे आडगावच, असंही नाही. मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरात आहे, ऑक्सिडेंटल लॉस एंजेलिसमध्ये, आणि स्वार्थमोरच्या आवाराला लागूनच फिलाडेल्फियाला जाणाऱ्या लोकलचं स्टेशन आहे.

पायरी १: चार वर्षांचा हिशेब

पत्रावरची स्कॉलरशिपची रक्कम बघून निर्णय घेऊ नका. कागदावर चार रकाने आखा, वर्षागणिक एक. प्रत्येकात शिक्षणशुल्क, राहणं-जेवण, आरोग्यविमा, पुस्तकं आणि वर्षातून एकदा भारतात जाण्यायेण्याचं विमानभाडं लिहा. खाजगी संस्थांचा हा एकूण आकडा आज लहान-मोठ्या दोन्हीकडे वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास जातो. फी दरवर्षी ४ टक्के वाढते असं धरा. पहिल्या वर्षाचे ९०,००० चौथ्या वर्षी सुमारे १,०१,२०० होतात आणि चार वर्षांची बेरीज जवळपास ३,८२,००० डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरला तर साधारण ३ कोटी ४४ लाख रुपये.

आता स्कॉलरशिप वजा करा. इथेच सर्वाधिक चूक होते. गुणवत्तेवर दिलेली स्कॉलरशिप बहुधा ठरावीक रकमेची असते: वर्षाला २५,००० म्हणजे चारही वर्षं २५,०००. फी वाढते, ती वाढत नाही. म्हणून पहिल्या वर्षी तुमच्या खिशातून ६५,००० गेले, तर चौथ्या वर्षी ७६,००० हून अधिक जातील. शिवाय ती टिकवायला किमान सरासरी गुण राखावे लागतात. ती अट किती आहे ते पत्रातच वाचा. गरजेवर आधारित मदत वेगळी. कुटुंबाने किती भरायचं हे कॉलेज ठरवतं, उरलेलं ते देतं, आणि फी वाढली की सहसा मदतही वाढते. त्यासाठी उत्पन्नाचे कागद दाखवावे लागतात: आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, बँकेचे उतारे, शेती किंवा धंदा असेल तर सीएचं पत्र.

परदेशी विद्यार्थ्यांना अशी मदत देण्यात निवडक लहान कॉलेजं खूप पुढे आहेत. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि त्याची पूर्ण गरज भागवतात. विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल प्रवेश देताना ऐपतीचा विचार करतात, पण प्रवेश दिला की गरज पूर्ण करतात. विल्यम्सने तर २०२२ पासून मदतीतून कर्जाचा भाग काढून टाकला. याउलट सरकारी विद्यापीठांकडून परदेशी पदवी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत क्वचितच मिळते. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला हे कळायला हवं, कारण नाव माहीत नसलेलं कॉलेज निम्म्याहून कमी पैशांत पडण्याची शक्यता खरी आहे. मात्र अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. 'पहिलं वर्ष कसंतरी भरू, मग मागू' हा बेत आखण्याआधी हा नियम लेखी विचारून घ्या.

आणखी एक खर्च पत्रात नसतो: कर. शिक्षणशुल्कावरची स्कॉलरशिप अमेरिकेत करमुक्त, पण राहण्या-जेवण्यासाठी मिळालेला भाग करपात्र. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या या भागातून १४ टक्के कापतात. राहण्या-जेवण्याचे १८,००० डॉलर कॉलेज देत असेल, तर वर्षाला २,५२० डॉलर. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे १०४०-एनआर हे विवरणपत्र भरल्यावर यातला मोठा भाग परत मिळू शकतो. पण सत्राच्या बिलात ही रक्कम आधी येते. तेवढी रोकड हाताशी ठेवा.

कर्ज काढणार असाल तर बँकेत लवकर जा. मोठ्या विद्यापीठाचं नाव शाखेतल्या अधिकाऱ्याला माहीत असतं; लहान कॉलेजचं नसतं आणि बँकेच्या ठरलेल्या यादीतही नसू शकतं. मान्यतेचा पुरावा, फीचा तपशील आणि मदतीचं पत्र सोबत न्या आणि तारणाशिवाय किती मिळेल ते एप्रिलमध्येच लेखी घ्या.

पायरी २: विषयाचं खरं वेळापत्रक उघडा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच बहुतेकजण टाळतात. कॉलेजच्या माहितीपुस्तकात विषयाचे तीसेक अभ्यासक्रम दिसतात. प्रत्यक्षात त्या सत्रात किती शिकवले जातात ते तिथे कळत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर रजिस्ट्रारच्या पानावर प्रत्येक सत्राचं वेळापत्रक असतं आणि बरेचदा ते लॉगिनशिवाय उघडतं. मागच्या चार सत्रांचं वेळापत्रक काढा, तुमच्या विषयाचे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम मोजा आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या सत्रात होता ते लिहा.

लहान कॉलेजात एका विभागात सहा-आठ प्राध्यापक असतात. एक रजेवर संशोधनाला गेला, एक सोडून गेला, की दोन-तीन अभ्यासक्रम त्या वर्षी होतच नाहीत. बरेच प्रगत अभ्यासक्रम एक वर्षाआड असतात. ज्याला तिसऱ्या वर्षी टोपॉलॉजी (गणिताची एक प्रगत शाखा) घ्यायची आहे आणि ती चौथ्या वर्षी येणार आहे, त्याचं पुढचं सगळं गणित बदलतं. ज्यांचं गणित मुळातच पुढे गेलेलं आहे, म्हणजे ऑलिम्पियाडची तयारी केलेली मुलं, ती लहान कॉलेजचे पदवीचे अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षांत संपवू शकतात. मोठ्या विद्यापीठात ती सरळ एमएस-पीएचडीच्या वर्गात बसतात. लहान ठिकाणी मग तीन वाटा उरतात: एखाद्या प्राध्यापकासोबत स्वतंत्र अभ्यास, बुडापेस्ट सेमेस्टर्स इन मॅथेमॅटिक्ससारखं परदेशातलं सत्र, किंवा शेजारच्या संस्थेतले वर्ग.

तिसरी वाट किती मोकळी आहे हे कॉलेजागणिक बदलतं. ॲमहर्स्टचा विद्यार्थी स्मिथ, माउंट होलियोक आणि ॲमहर्स्टमधल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे वर्ग घेऊ शकतो. क्लेअरमॉन्टमध्ये पोमोना, हार्वी मड, स्क्रिप्स, पिट्झर, क्लेअरमॉन्ट मॅकेना ही पाच कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉरची एकमेकांत देवाणघेवाण आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले वर्गही घेता येतात. विल्यम्स आणि ग्रिनेलच्या शेजारी एवढी मोठी सोय नाही. सोय असेल तिथे प्रवासाचा वेळ विचारा: तासाच्या वर्गासाठी बसमध्ये दीड तास जाणार असेल, तर ती सोय मुलं एकदाच वापरतात.

मोठ्या विद्यापीठात अडचण उलटी. अभ्यासक्रम भरपूर, पण जागा मिळेल याची खात्री नाही. नोंदणीची वेळ ज्येष्ठतेनुसार मिळते. पहिल्या वर्षीच्या मुलाची पाळी येईपर्यंत सोयीच्या वेळेचे वर्ग भरलेले असतात आणि तो प्रतीक्षायादीत. सध्याच्या विद्यार्थ्याला विचारा: पहिल्या वर्षी हवा असलेला कोणता वर्ग मिळाला नाही? प्रश्न इतका नेमका असला की उत्तरही नेमकं येतं.

पायरी ३: मेजरचं (मुख्य विषयाचं) दार उघडं आहे का

संगणकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन हवं असेल तर ही पायरी सोडू नका. अनेक मोठ्या विद्यापीठांत विद्यापीठात प्रवेश मिळणं आणि मेजरमध्ये प्रवेश मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या बहुतेक जागा बारावीनंतर थेट दिल्या जातात. ज्याला 'अनडिक्लेअर्ड', म्हणजे मेजर न ठरलेला, म्हणून घेतलं त्याला नंतर आत शिरणं फार अवघड. पत्रात मेजरचं नाव आहे का ते शब्दशः वाचा. नसेल, तर ते मेजर मिळणार नाही असं गृहीत धरूनच तुलना करा.

लहान कॉलेजात साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर जाहीर करायचं असतं आणि सहसा अडवणूक नसते. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाच्या एका सेमिनारपलीकडे सर्वांसाठी सक्तीचे विषय नाहीत. ग्रिनेलमध्ये पहिल्या सत्रातल्या ट्युटोरियलपलीकडे सर्वांसाठी सक्ती नाही. पण संगणकशास्त्राची गर्दी तिथेही पोचली आहे आणि काही कॉलेजांत या वर्गांसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात. विभागाला ईमेल करून विचारा.

अभियांत्रिकीचं स्पष्ट सांगायचं तर बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ती नाही. स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड, लाफायेत, बकनेल ही अपवादातली नावं. बाकी ठिकाणी '३-२' योजना सांगतात: तीन वर्षं इथे, दोन कोलंबियासारख्या विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. कागदावर सुंदर, प्रत्यक्षात फार थोडे पूर्ण करतात. पाचव्या वर्षाचा खर्च वाढतो, पहिल्या कॉलेजची मदत दुसरीकडे लागू होत नाही, आणि सोबतची मुलं चौथ्या वर्षात रमलेली असताना आपण गाव सोडायचं असतं. अभियंताच व्हायचं नक्की असेल तर ३-२ च्या भरवशावर जाऊ नका.

पायरी ४: वर्गात किती मुलं, शिकवतं कोण

'कॉमन डेटा सेट' हे शब्द कॉलेजच्या नावासोबत शोधा. बहुतेक संस्था हा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातला आय-३ हा तक्ता वर्गांच्या आकाराचा: २ ते ९ विद्यार्थ्यांचे किती वर्ग, १० ते १९ चे किती, थेट १०० च्या वर किती. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती ते असतं. पायरी १ साठीही तो बघा.

आय-३ वाचताना एक खोच ध्यानात ठेवा. '९० टक्के वर्ग वीसपेक्षा लहान' हे वाक्य वर्ग मोजतं, मुलं मोजत नाही. दहा-दहा मुलांचे नऊ वर्ग आणि ३०० मुलांचा एक वर्ग असेल, तर ९० टक्के वर्ग लहानच ठरतात. पण ३९० पैकी ३०० जागा त्या मोठ्या वर्गात असतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांचं रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, कॅल्क्युलस बहुधा अशाच सभागृहात होतं. चर्चेचा तास आणि पेपर तपासणं टीचिंग असिस्टंटकडे, म्हणजे बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे.

लहान कॉलेजात प्राध्यापकच निबंध वाचतो, प्रयोगशाळेत उभा राहतो. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी बसतात: एका आठवड्यात एकाने लिहून आणायचं, दुसऱ्याने त्यावर टीका करायची, पुढच्या आठवड्यात उलट. न वाचता गेलेलं पाचव्या मिनिटाला उघडं पडतं. आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजातून गेलेल्या, वर्गात गप्प बसायची सवय असलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं, कारण बोलण्याला गुण असतात. हीच मुलं दुसऱ्या वर्षात फुलताना दिसतात, आणि माझ्या मते लहान कॉलेजची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे.

पीएचडीचा विचार असेल तर शिफारसपत्रं निर्णायक ठरतात. स्वार्थमोर, कार्लटन, रीड, हार्वी मड यांच्या पदवीधरांत पुढे पीएचडी करणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठं आहे; प्रवेश समित्या ही नावं नीट ओळखतात. मोठ्या विद्यापीठातही उत्तम पत्र मिळतं, पण त्यासाठी पहिल्या महिन्यापासून प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सला (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) जावं लागतं. जो गेला नाही, त्याला तिसऱ्या वर्षाअखेर नावानिशी ओळखणारा एकही प्राध्यापक नसतो. लहान ठिकाणचा धोका वेगळा: ज्याच्याशी पटत नाही त्याच्याकडेच मेजरचे तीन सक्तीचे विषय असू शकतात.

भारतात परतून लगेच नोकरी करायची असेल, तर मोठ्या नावाचा उपयोग होतो हे मान्य करायला हवं. इथल्या मनुष्यबळ विभागाला ग्रिनेल समजावून सांगावं लागतं.

पायरी ५: संशोधन, इंटर्नशिप आणि व्हिसाचे नियम

अमेरिकेतल्या उन्हाळी संशोधनाच्या आरईयू जागांना सरकारी निधी असतो आणि त्या मुख्यतः तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतात. म्हणून कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी निधी परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे का, हे विचारा. लहान कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळेतलं काम पदवीच्याच मुलांना मिळतं. मोठ्या विद्यापीठात उपकरणं आणि विषय कितीतरी जास्त, पण सुरुवात बऱ्याचदा एखाद्या पीएचडी विद्यार्थ्याच्या हाताखाली होते.

आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आवाराबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी, लागते. ती सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच, आणि अभ्यासक्रमाशी जोडलेली असेल तरच मिळते. काही लहान कॉलेजं इंटर्नशिपला क्रेडिट देत नाहीत, मग सीपीटीची वाट अरुंद होते. शहरात असण्याचा खरा फायदा इथे दिसतो: बॉस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये सत्र चालू असतानाही आठवड्यातले दोन दिवस कंपनीत जाता येतं. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या विल्यम्सटाउनमधून ते शक्य नाही. तिथे सगळं उन्हाळ्यावर.

पदवीनंतर ओपीटी या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं. मेजर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. स्टेम आहे की नाही हे विषयाच्या नावावर नाही, आय-२० वरच्या (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावरच्या) सीआयपी या विषयाच्या कोडवर ठरतं. अर्थशास्त्र ४५.०६०१ खाली असेल तर स्टेम नाही, ४५.०६०३ खाली असेल तर आहे. एकाच विषयाच्या दोन ऑफरमध्ये इथे दोन वर्षांचा फरक पडू शकतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आजच ईमेल करून कोड विचारा.

पायरी ६: राहणं

लहान कॉलेजात चार वर्षं डॉर्म आणि मेस ठरलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत डॉर्म उघडं राहतं का आणि मेस चालते का, हे मात्र विचारा. दर हिवाळ्यात मुंबईचं तिकीट काढणं परवडत नाही. जवळच्या विमानतळावर गाडीशिवाय कसं जायचं तेही विचारा. शाकाहारी मुलांनी मेसचा आठवड्याचा मेनू संकेतस्थळावर बघावा; एकच मेस असेल तर पर्याय तेवढेच.

शहरात डॉर्मची हमी किती वर्षांची आहे ते बघा. बाहेर भाड्याने राहायचं तर न्यूयॉर्कमध्ये घरमालक भाडेकरूचं वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट मागतात. २,००० डॉलर भाडं म्हणजे ८०,००० डॉलर उत्पन्न, नाहीतर अमेरिकेत राहणारा जामीनदार. शहरात किराणा, देऊळ, न्यू जर्सीच्या 'मराठी विश्व' मंडळाचा गणेशोत्सव असं सगळं लोकलच्या टप्प्यात येतं. पण न्यूयॉर्क विद्यापीठाला कुंपणाचं आवार नाही. ओळखी मुद्दाम कराव्या लागतात. बुजऱ्या मुलाला मोठ्या शहरात महिनोन् महिने कुणाशी न बोलता राहता येतं. लहान कॉलेजात ते शक्य नसतं, आणि एखादं भांडण झालं तर त्यापासून लांब जाणंही शक्य नसतं.

पायरी ७: होकार आणि त्यानंतरचे कागद

डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा. दोन ठिकाणी भरल्याचं उघड झालं तर दोन्ही प्रवेश रद्द होऊ शकतात. मदत अपुरी वाटत असेल आणि उत्पन्नात खरोखर बदल झाला असेल, तर अपील एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, कागदांसह करा; १ मे नंतर तुमच्या हातात काही राहत नाही. दुसऱ्या कॉलेजला नकार त्याच दिवशी कळवा, प्रतीक्षायादीतल्या कुणालातरी ती जागा मिळेल.

मग पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा देऊन आय-२० मागवा. त्यावरचा सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) क्रमांक आणि मेजरचा कोड तपासा, त्या क्रमांकावर ३५० डॉलरची सेव्हिस फी भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरा आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख घ्या. लहान कॉलेज निवडलं असेल तर 'हेच का?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. पायरी २ मधले दोन अभ्यासक्रम आणि मदतीची रक्कम यांवर दोन वाक्यांत उत्तर तयार ठेवा. बारावीचा निकाल मे-जूनमध्ये लागला की गुणपत्रिका ज्युनिअर कॉलेजकडून थेट पाठवायला सांगा. प्रवेश त्या निकालाच्या अटीवर असतो. गुण अंदाजापेक्षा बरेच कमी आले, तर प्रवेश कार्यालयाने विचारण्याआधी कारणासह आपणच ईमेल करा.